पोथी, पाठ आणि श्रद्धा

१

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाली. १९१९ च्या एप्रिलमध्ये आरंभिलेले कार्य सत्तेचाळीस वर्षांनी तडीस गेले. एकोणीस खंड, १,२५९ हस्तलिखितांचा धांडोळा आणि पंडितांच्या दोन पिढ्यांचे आयुष्य एवढे भांडवल त्यात गुंतले होते. ज्यांनी आरंभ केला त्यांतील कित्येक ते पूर्ण झालेले पाहावयास राहिले नाहीत. आज या घटनेला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. इतक्या अवधीत या आवृत्तीचे आपल्या वाङ्मयजीवनातील स्थान निश्चित व्हावयास हवे होते. तसे ते झालेले दिसत नाही.

महाभारताविषयी आपल्याकडे बोलणारांचे स्थूलमानाने दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, खरे महाभारत तेवढे या आवृत्तीत आहे. बाकी सर्व कथेकऱ्यांनी आणि भाविकांनी मागाहून घुसडलेले. एखाद्या प्रसंगाचा उल्लेख निघाला, की ‘तो प्रक्षिप्त आहे’ एवढे सांगून हा पक्ष मोकळा होतो. दुसरा पक्ष म्हणतो, व्यासांच्या ग्रंथावर कात्री चालविण्याचा अधिकार कोणास आहे? जे आमच्या आजोबांनी पारायणात वाचले, जे कीर्तनात ऐकले, तेच महाभारत. पंडितांची आवृत्ती पंडितांना लखलाभ असो. एकाला शास्त्राचा अभिमान आहे आणि दुसऱ्याला श्रद्धेचा. दोघांचे ज्या एका गोष्टीवर मतैक्य आहे ती मात्र चिंत्य आहे. ती गोष्ट अशी, की ही आवृत्ती श्रद्धेच्या विरोधात उभी आहे.

प्रस्तुत लेखकाचा कल परंपरेकडे आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. जे ग्रंथ शतकानुशतके समाजाच्या मुखात आणि आचारात राहिले, त्यांच्याकडे जाताना प्रथम नम्रतेने जावे आणि मग प्रश्न विचारावेत, असे मानणाऱ्यांपैकी तो एक आहे. परंतु नेमक्या याच भूमिकेवरून पाहिले असता, चिकित्सक आवृत्ती ही परंपरेची वैरीण नसून तिचे अपत्य आहे, असे दिसून येते. तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

२

या आवृत्तीची कल्पना प्रथम भारतात निघाली नाही. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनित्स यांनी तिची आवश्यकता प्रतिपादन केली. महाभारताचा मूळ पाठ कोणता हे ठरल्याखेरीज त्याच्या काळाविषयी, धर्माविषयी अथवा समाजस्थितीविषयी केलेली विधाने अधांतरी राहणार, असे त्यांचे म्हणणे होते. यूरोपातील विद्वत्सभांनी ते मान्य केले, हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये एक नमुनाही छापून दाखविला. पण १९१४ च्या महायुद्धाने ती योजना मोडली. पुढे १९१७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाने पुण्यास संस्था उभी राहिली, तेव्हा तिने हे काम शिरावर घेतले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. एका लहानशा संस्थानाच्या अधिपतीने असे औदार्य दाखवावे, यातच ग्रंथाविषयीची आपली जुनी भावना प्रकट होते. पोथी लिहवून दान देणे हे पुण्यकृत्य, हा संस्कार अजून जिवंत होता.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर यांनी प्रधान संपादकत्व स्वीकारले आणि कामाला खरी दिशा लागली. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशी संस्कृत विद्येत तयार झालेले. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या संपादनासाठी यूरोपीय विद्वानांनी बसविलेली पद्धती त्यांना हस्तगत होती. एका मूळ प्रतीवरून दोन प्रती, त्या दोहोंवरून चार, असा प्रतींचा वंशवृक्ष मांडावयाचा आणि फांद्यांवरून बुंध्याकडे जावयाचे, अशी ती पद्धती. परंतु महाभारताच्या पोथ्या पुढे मांडल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की येथे हा वृक्ष उभा राहत नाही. एका लिपिकाराने एक पोथी पुढे ठेवून लिहिले, दुसऱ्याने तीत तिसरीकडचे श्लोक मिळविले, चौथ्याने समासात टिपून ठेवलेले पाचव्याने मुख्य पाठात घेतले. शिवाय पोथी ही एकच वाट नव्हती. पाठकांच्या मुखाने ग्रंथ फिरतच होता. सबब आपण महाभारताचे आद्य स्वरूप देत नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे ज्या जुन्यात जुन्या पाठापर्यंत जाता येते तेवढाच देतो, असे त्यांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले. जेथे पाठाविषयी खात्री नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. या आवृत्तीचा हवाला देऊन आवेशाने बोलणाऱ्यांनी त्या रेघा एकदा मोजून पाहाव्यात.

काम एका प्रांताचे राहिले नाही. पाठ ताडून पाहण्याची केंद्रे शांतिनिकेतनात आणि तंजावरातही होती. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी संपादिले, उद्योगपर्व आणि द्रोणपर्व बंगालच्या सुशीलकुमार दे यांनी, सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी. सुकथनकरांच्या मागून श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम् इतक्या लिप्यांतील पोथ्या एका मेजावर आल्या. महाभारत हा सर्व भारताचा ग्रंथ आहे हे आपण सभांतून नेहमीच ऐकतो. त्याचा इतका मूर्त पुरावा मात्र पूर्वी कधी एकत्र आलेला नव्हता.

३

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इतक्या भिन्न पोथ्यांतून कोणता श्लोक ठेवावा आणि कोणता तळटीपेत न्यावा, हे संपादकांनी कशावरून ठरविले?

त्यांचा एक महत्त्वाचा निकष असा : जो मजकूर एका प्रांताच्या पोथ्यांत आहे आणि दूरच्या, परस्परांशी संबंध नसलेल्या पोथ्यांत नाही, तो बहुधा मागाहून आलेला. काश्मीरची शारदा परंपरा उत्तरेकडील पाठांत सर्वांत आटोपशीर आहे, आणि दक्षिणेकडील पाठांत केरळची मलयाळम् परंपरा त्यातल्या त्यात कमी फुगलेली आहे. या दोन टोकांना जेथे एकमत दिसते, तेथे तो पाठ प्राचीन मानावयास बळकट आधार मिळतो. काश्मीरच्या लिपिकाराने केरळच्या लिपिकाराशी संगनमत केले असेल, हे संभवत नाही.

हा निकष दिसावयास साधा आहे. पण तो कोणत्या गृहीतावर उभा आहे? एखादा मजकूर एका पोथीत नाही, याची दोन कारणे असू शकतात. तो मुळात नव्हता, किंवा मुळात होता आणि या लिपिकाराने गाळला. गाळण्याची चाल जर सर्रास असती, तर ‘येथे नाही’ या पुराव्याला काडीचीही किंमत राहिली नसती. लिपिकार बुद्ध्या गाळत नसे, या विश्वासावरच संपादकाला पुढे पाऊल टाकता येते. हाताच्या चुकीने एखादी ओळ गळे, डोळा एका शब्दावरून खालच्या तशाच शब्दावर घसरे, ते निराळे. परंतु समोरच्या पोथीतील मजकूर आपणास पटत नाही, लांब वाटतो किंवा पुनरुक्त वाटतो म्हणून टाकून द्यावा, असे त्याच्या मनास सहसा शिवत नसे.

का शिवत नसे? कारण ते व्यासवचन होते. जे समोर आहे ते आपल्याहून मोठे आहे, आपण त्याचे धनी नव्हे, केवळ वाहक आहोत, ही त्याची धारणा होती. पोथीच्या अखेरीस लिपिकार जी संस्कृत वचने लिहीत, त्यांचा भाव सर्वांस परिचित आहे : पाहिले तसे उतरले, उणेअधिक असल्यास दोष मला देऊ नये, पाठ, मान, कंबर मोडून हे लिहिले आहे, तेव्हा पोथीचा सांभाळ करावा. या वचनांत विनय आहे, थोडी तक्रारही आहे. पण सगळ्यांच्या मुळाशी आहे ती श्रद्धा. आधुनिक पाठचिकित्सेचा हा बिनीचा निकष म्हणजे त्या अनामिक लिपिकाराच्या श्रद्धेवर पंडिताने टाकलेला विश्वास होय. तो लिपिकार आजच्या संपादकासारखा ‘विवेकी’ असता, काटछाट करणारा असता, तर १,२५९ काय आणि दहा सहस्र काय, कितीही पोथ्या मिळून काही निष्पन्न झाले नसते.

यावर कोणी म्हणेल, हाच लिपिकार श्लोक वाढवीतही होता, त्याचे काय? होय, तो वाढवीतही होता. ज्या श्रद्धेने त्याला गाळू दिले नाही, तिनेच त्याला गप्पही बसू दिले नाही. पण याचाही लाभ संपादकाला झाला. वाढ प्रत्येक प्रांतात निराळी झाली. बंगाल्याने एके ठिकाणी भर घातली, आंध्राने दुसरीकडे. म्हणून ती ओळखू येते. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळात एक जुनी पोथी उपलब्ध झाली. ती संपादकांपुढे कधीच नव्हती. तरीही सुकथनकरांनी केवळ तर्काने निवडलेल्या कित्येक पाठांना तीत दुजोरा मिळाला. विद्वत्तेचा तो विजय होताच. त्याबरोबर त्या पोथीच्या अज्ञात लिपिकाराच्या प्रामाणिकपणाचाही तो विजय होता.

ज्या लोकप्रिय कथा मुख्य संहितेबाहेर गेल्या त्यांत गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची कथाही आहे. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती प्रथम स्थानी आढळेल. न थांबता सांगाल तर लिहीन, ही गणेशाची अट. आणि अर्थ समजल्यावाचून लिहू नये, ही व्यासांची अट. या कथेचा कर्ता कोण ते कळावयास मार्ग नाही. परंतु ज्यांचे आयुष्य बोरू आणि शाई यांच्या संगतीत गेले, अशांच्याच वर्तुळात ती जन्मली असावी, असा तर्क केल्यावाचून राहवत नाही. लिपिकाराने आपल्या धंद्याचे दैवत आणि आपल्या धंद्याचा आदर्श ग्रंथाच्या दाराशी बसविला. कथा प्रक्षिप्त आहे हे खरे. परंतु ग्रंथ जतन करणाऱ्यांनी स्वतःविषयी काय मानले होते, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

४

वादाचे खरे ठाणे सभापर्वात आहे. दुःशासन वस्त्राला हात घालतो, द्रौपदी कृष्णाचा धावा करते, आणि तो तिला वस्त्रे पुरवितो, ही कथा या देशात कोणास सांगावी लागत नाही. कीर्तनातील आख्यानापासून तमिळनाडूतील द्रौपदी अम्मनच्या उत्सवात रात्रभर चालणाऱ्या तेरुक्कूत्तूपर्यंत हा प्रसंग पोहोचला आहे. सुब्रह्मण्य भारतींनी तर ‘पांचाली शपथम्’ मध्ये देशाच्याच विटंबनेची कथा त्यात पाहिली. एजर्टन यांनी सभापर्व संपादिले, तेव्हा हा धावा मुख्य संहितेतून निघाला. पोथ्यापोथ्यांत तो वेगवेगळ्या शब्दांत आणि वेगवेगळ्या लांबीने आढळतो. प्राचीन आणि सर्वसंमत असा एकही पाठ हाती लागत नाही. निर्धारित संहितेत वस्त्र ओढले जाते आणि त्या जागी तसेच दुसरे प्रकट होते, एवढेच आहे. कोणी पुरविले ते सांगितलेले नाही. ग्रंथ येथे मौन धरतो, आणि जगाच्या अंतर्यामी असलेल्या न्यायानेच हे घडले असे त्या मौनातून सुचते, असा एजर्टन यांचा अभिप्राय आहे.

भाविकाला हे वाचून धक्का बसतो, आणि नव्या वाचकाला आनंद होतो. नव्या वाचकाचे म्हणणेही डावलण्यासारखे नाही. धावा निघाल्यावर द्रौपदीचा प्रश्न अधिक उंच उभा राहतो. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? आधी स्वतःला हरला असेल, तर दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार त्याला उरला होता काय? भीष्मांनाही या प्रश्नाचा उलगडा करता आला नाही. तो विचारणारी स्त्री सभेत एकटी आहे, आणि तिच्या बाजूने कोणी देव उघडपणे उतरत नाही. हे चित्र कठोर आहे आणि भव्यही आहे.

परंतु एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. उद्योगपर्वात संजय पांडवांकडून परत फिरून धृतराष्ट्राला वृत्तांत सांगतो, तेव्हा कृष्णाच्या तोंडचे एक वाक्य तो उद्धृत करतो. आपण दूर असताना द्रौपदीने गोविंद म्हणून आक्रोश केला, ते ऋण वाढत गेले आहे आणि ते आपल्या हृदयातून निघत नाही, असा त्याचा आशय. हा श्लोक प्रक्षिप्त ठरलेला नाही. सुशीलकुमार दे यांनी तो मुख्य संहितेत ठेवलेला आहे. म्हणजे ज्या संहितेच्या सभापर्वात हाक नाही, तिच्याच उद्योगपर्वात त्या हाकेचे स्मरण आहे. दुसऱ्या बाजूने आरण्यकपर्वातील कृष्णाचे भाषणही विसरता येत नाही. शाल्वाशी युद्ध चालले होते म्हणून आपण द्यूताच्या वेळी येऊ शकलो नाही, आणि द्वारकेस परतल्यावर सात्यकीकडून हे संकट कळले, असे तो तेथे सांगतो. एकाच ग्रंथाच्या पोटात दोन स्मृती नांदत आहेत.

यावरून एजर्टन यांचा निर्णय चुकला असे म्हणावयाचे नाही. सभापर्वाच्या पोथ्यांचा पुरावा पाहता त्यांना दुसरा निर्णय घेता आला नसता. म्हणावयाचे आहे ते एवढेच, की ज्याने सभापर्वात धावा लिहिला त्याने तो शून्यातून निर्माण केला, असे मानण्याची गरज नाही. त्याने पुढचे पर्व वाचलेले होते, किंबहुना ते त्याच्या कानांत घुमत होते. कृष्ण ज्या हाकेने स्वतःला ऋणी मानतो, ती हाक केव्हा मारली गेली? या प्रश्नाचे त्याने कथेच्या भाषेत उत्तर दिले. आपण आज असा प्रश्न पडला तर टीप लिहितो. त्याने श्लोक लिहिले. प्रक्षेप हे पुष्कळदा परंपरेने केलेले भाष्य असते. त्याची जागा ग्रंथाच्या शेजारी नसून ग्रंथाच्या पोटात असते, इतकेच. भाष्य म्हणून त्याचे मूल्यमापन करा. ते सुमार असेल तर सुमार म्हणा. पण ‘खोटे’ हा शब्द त्याला लागू पडत नाही.

गंमत अशी, की प्रक्षेपांचा तिटकारा बाळगणारे आधुनिक वाचकही आपल्या आवडीचे प्रक्षेप सोडावयास तयार नसतात. स्वयंवराच्या मंडपात ‘सूताला मी वरणार नाही’ असे द्रौपदी कर्णाला सर्वांदेखत सुनावते, हा प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. तरी कर्णाच्या आधुनिक कैफियतींचा केवढा तरी डोलारा त्यावर उभारलेला असतो. कृष्णाचा धावा प्रक्षिप्त म्हणून टाकावयाचा आणि कर्णाचा अपमान प्रक्षिप्त असूनही उराशी धरावयाचा, याला चिकित्सा म्हणत नाहीत. ती दुसऱ्या प्रकारची श्रद्धा होय. फक्त ती आपले नाव सांगत नाही.

५

पाठशुद्धी हा आमच्याकडे परक्यांनी आणलेला विचार आहे, असेही काही जण मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. महाभारताचा जो पाठ गेली तीन शतके विशेष प्रचलित आहे, तो नीलकंठ चतुर्धरांचा. हे मूळचे गोदातीरीच्या कोपरगावचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी काशीस राहून ‘भारतभावदीप’ ही टीका रचली. देशोदेशींच्या अनेक पोथ्या मिळवून, त्यांतील उत्तम पाठ निश्चित करून आपण टीका करीत आहोत, असे त्यांनी आरंभी सांगितले आहे. म्हणजे पोथ्या जमविणे आणि पाठ ताडणे या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. भेद आहे तो हेतूचा. नीलकंठांना उत्तम ते सर्व एकत्र करावयाचे होते. सुकथनकरांना प्राचीन तेवढे वेगळे काढावयाचे होते. एकाने समृद्ध ग्रंथ दिला आणि दुसऱ्याने जुना ग्रंथ दिला. उत्तम आणि प्राचीन हे दोन शब्द समानार्थी आहेत असे मानल्यानेच सगळा गोंधळ होतो, आणि तो दोन्ही पक्ष सारख्याच उत्साहाने करतात.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण एकनाथांचे. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्ध असता पाठांतरांनी तो बिघडला, म्हणून आपण हे केले, असे त्यांनी सांगितले. आणि यापुढे जो कोणी आपली ओवी त्यात मिसळील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे होईल, असा इशाराही देऊन ठेवला. नाथांहून मोठा श्रद्धावान कोठून आणावा? त्यांना पाठशुद्धीची गरज भासली ती श्रद्धा उणी होती म्हणून नव्हे. ग्रंथावर प्रेम असल्यामुळेच त्यात काय मिसळले आहे याची त्यांना चिंता होती. ज्याला ग्रंथाचे काही वाटत नाही, त्याला पाठभेदाचेही काही वाटत नाही.

६

भाषांतरकारांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. पहिल्याच दिवशी त्याला कोणती तरी प्रत पुढ्यात ठेवावी लागते. किसरी मोहन गांगुली यांनी १८८३ ते १८९६ या काळात संपूर्ण महाभारत इंग्रजीत आणले ते प्रचलित पाठावरून. विसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणकर आणि मंडळीने मराठी भाषांतर दिले तेही प्रचलित पाठाचेच. व्हान बॉइटेनन यांनी १९७३ पासून शिकागोहून जे खंड काढले, त्यांनी आणि पुढे २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत संपूर्ण भाषांतर पुरे करणाऱ्या बिबेक देबरॉय यांनी चिकित्सक आवृत्तीची संहिता घेतली. उलट, क्ले संस्कृत ग्रंथमालेच्या विद्वान भाषांतरकारांनी एकविसाव्या शतकात पुन्हा नीलकंठांचाच पाठ पसंत केला. कारण टीकाकारांनी, कवींनी आणि श्रोत्यांनी जे महाभारत अनुभवले ते तेच होते. दोन्ही निवडी समर्थनीय आहेत. कोणती केली ते न सांगणे मात्र समर्थनीय नाही.

भाषांतरकाराला आपल्या धंद्याचा अभिमान वाटावा असा एक भाग या इतिहासात आहे. पाठ ठरविताना संपादकांनी पोथ्यांखेरीज जुनी रूपांतरेही साक्षीला बोलाविली : दहाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात झालेला गद्य सारांश, अकराव्या शतकातील नन्नयाचे तेलुगू महाभारत, त्याच शतकातील काश्मीरच्या क्षेमेंद्राची ‘भारतमञ्जरी’. त्या त्या काळी, त्या त्या देशी ग्रंथात काय होते हे या भाषांतरांवरून कळते. नन्नयाने स्वतंत्र काव्य रचण्याची प्रतिज्ञा केली असेल, जावातील अनामिकाने केवळ राजाज्ञा पाळली असेल. पण नऊ-दहा शतकांनंतर दोघेही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांचा शब्द ग्राह्य धरला गेला. आपणही आज जे भाषांतरित करतो, त्यात पुढचा कोणी आपली साक्ष काढील, एवढे भान राहिले तरी मूळ न सांगता प्रसंगांची सरमिसळ करण्याचा मोह आवरेल.

या बाबतीत इरावती कर्वे यांचा आदर्श घेण्याजोगा आहे. ‘युगान्त’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. भांडारकर संस्थेची आवृत्ती प्रमाण मानून त्यांनी व्यक्तिरेखा उभ्या केल्या, आणि त्या आवृत्तीत नाही ते निष्ठुरपणे बाजूस ठेवले. तथापि द्रौपदीवरील लेखाच्या अखेरीस, तिच्या अंतिम क्षणी, त्यांना राहवले नाही. तेथे त्यांनी स्वतःच्या कल्पनेचा एक प्रसंग जोडला. मात्र तो जोडताना, येथवर आवृत्तीचा आधार होता आणि पुढील भाग ही माझी नरोटी, असे एकनाथांचाच शब्द घेऊन सांगितले. समाजशास्त्रज्ञ, चिकित्सक, भावुकतेचा लवलेश नसलेल्या लेखिकेलाही व्यासांच्या ताटात काही ठेवावेसे वाटले, यात महाभारताचा स्वभाव दिसतो. जो ग्रंथ वाचकाला गप्प बसू देत नाही, त्यात प्रक्षेप होणारच. जुन्या लिपिकारात आणि इरावतीबाईंत अंतर आहे ते इतकेच, की त्याने आपली नरोटी ताटात विरघळू दिली आणि बाईंनी ती वेगळी दाखविली. आपल्या काळाला दुसरी रीत शोभते, कारण आपल्याजवळ छापखाना आहे आणि तळटीप आहे.

७

सुकथनकरांची शेवटची व्याख्याने या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. १९४२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या निमंत्रणावरून महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने द्यावयाची होती. तीन झाली. चौथे देण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांचे निधन झाले. व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या पंडिताने सतरा वर्षे श्लोक वेगळे काढण्याचे काम केले, त्याने या व्याख्यानांत महाभारताचे तुकडे पाडणाऱ्या पाश्चात्त्य उपपत्तींचा कठोर समाचार घेतला आहे. मूळची वीरगाथा शोधण्याच्या नादात ग्रंथाचा अर्थच हातून निसटला, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी स्वतः महाभारत तीन पातळ्यांवर वाचले : लौकिक कथेच्या, धर्मनीतीच्या आणि अध्यात्माच्या. भारतीय टीकाकारांनी जे गृहीत धरले होते, तेथेच ते आपल्या वाटेने येऊन पोहोचले. हा त्यांचा मतपालट नव्हता. ज्याने प्रत्येक अक्षर तोलून पाहिले, त्याला अक्षराच्या पलीकडे जाण्याचा अधिकार आला होता.

चिकित्सक आवृत्तीचे पान उघडले, की वरच्या भागात निर्धारित संहिता दिसते आणि खाली, बारीक टंकात, पाठभेदांची दाटी दिसते. वगळलेले श्लोक तारांकित करून तेथे दिले आहेत. लांब प्रकरणे परिशिष्टांत आहेत. संपादकांनी काहीही नष्ट केलेले नाही. गणेशाची कथा तेथे आहे, द्रौपदीचा धावा त्याच्या सर्व रूपांसह आहे, आणि कोणत्या प्रांताने तो कोणत्या शब्दांत केला तेही आहे. नीलकंठांच्या एका पोथीत जितका भक्तीचा इतिहास सापडणार नाही, तितका या तळटीपांत सापडतो. लिपिकाराप्रमाणेच संपादकालाही गाळणे जमले नाही. त्याने फक्त जागा बदलली.

आपण मात्र ही आवृत्ती अर्धीच वाचतो. पहिला पक्ष पानाचा वरचा भाग वाचतो व खालच्याची टर उडवितो. दुसरा पक्ष पानच उघडीत नाही. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आणि आपल्या भाषांतरांत निदान काही निवडक प्रसंग तरी, वरच्या आणि खालच्या पाठांसह, शेजारी शेजारी ठेवले जावेत. काश्मीरच्या पोथीत येथे मौन आहे, बंगालच्या पोथीत येथे हाक आहे, आणि पुढे एका पर्वात, सर्वांना मान्य असलेल्या श्लोकात, त्या हाकेचे ऋण आहे, हे विद्यार्थ्याला एकाच वेळी दिसावे. श्रद्धा ठेवावयाची की नाही, हे मग त्याचे त्याने ठरवावे. पण कशावर ठेवतो आहोत आणि काय नाकारतो आहोत, हे त्याला ठाऊक असेल.